जुन्या टर्बो गाडीत मीटर कोणते बसवावेत आणि कोठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१९९८ साली बाजारात आलेली पुण्याची टाटा सफारी आणि २००२ साली आलेली नाशिकची महिंद्रा स्कॉर्पिओ या टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) असलेल्या डिझेल गाड्यांपैकी अनेक गाड्या पंधरा वर्षांची नोंदणी संपल्यावर रीतसर नूतनीकरण करून आजही आपल्या घाटरस्त्यांवर धावत आहेत. त्या जिव्हाळ्याने सांभाळणारे मालक टर्बोचा दाब, तेलाचा दाब आणि पाण्याचे तापमान दाखवणारे जादा मीटर बाहेरून आणून बसवून घेतात. जुन्या इंजिनाची प्रकृती कळण्यासाठी असे मीटर खरोखरच हवेत, असे माझे ठाम मत आहे. मात्र ते ज्या क्रमाने घेतले जातात आणि ज्या जागी बसवले जातात, त्याबद्दल काही गोष्टी स्पष्टपणे मांडणे मला आवश्यक वाटते.

बहुतेकांची पहिली खरेदी बूस्ट मीटरची, म्हणजे टर्बोचा दाब दाखवणाऱ्या मीटरची असते, कारण त्याचा काटा प्रत्येक ॲक्सिलरेटरबरोबर हलतो. वास्तविक पहिला मान ऑइल प्रेशरच्या मीटरचा आहे. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो आणि तो तरंगतो इंजिन ऑइलच्या पातळ थरावर. ऑइलच्या दाबासाठी कंपनीने दिलेला लाल दिवा मात्र दाब साधारण अर्ध्या किलोच्याही (दर चौरस सेंटिमीटरला) खाली गेल्यावर लागतो. गरम इंजिन रिकामे चालू असताना सुमारे एक किलो आणि हायवेच्या वेगाला तीन ते चार किलो दाब असणे सर्वसाधारण मानले, तर कसारा घाट चढताना तो चारावरून दोनावर आला तरी दिवा काहीही सांगणार नाही. झिजलेले बेअरिंग, थकलेला पंप किंवा पातळ झालेले ऑइल यांची खबर तो दिवा देतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

हा मीटर बसवण्याची पद्धत अधिक काळजीची आहे. स्वस्त यांत्रिक मीटरमध्ये इंजिनातले गरम ऑइल बारीक नळीने थेट डॅशबोर्डमागे आणले जाते. ही नळी पत्र्याच्या कडेवर घासून फुटली, तर दाबाखालचे ते ऑइल चालकाच्या पायांवर उडते. म्हणून विजेवर चालणारा मीटरच घ्यावा, म्हणजे ऑइल इंजिनापाशीच राहते आणि केबिनमध्ये केवळ तार येते. त्यातही एक चूक गॅरेजमध्ये सर्रास दिसते. मूळ दिव्याचा स्विच काढून तेथे पितळी टी (तीन तोंडांचा जोड) बसवतात आणि दाब मोजून मीटरला कळवणारा जाडजूड सेंडर त्या टीवरच लटकत ठेवतात. डिझेल इंजिनाच्या थरथरीने अशी टी आट्यांपाशी तडकते आणि मग सगळे ऑइल रस्त्यावर येते. टी आणि सेंडर बॉडीला पक्के आवळून तेथपर्यंत जाळीदार होज नेणे, हाच योग्य मार्ग आहे. लाल दिव्याचा स्विचही त्याच टीवर कायम ठेवावा. एका तारेच्या सेंडरला अर्थिंग त्याच्या आट्यांमधूनच मिळते, त्यामुळे आट्यांवर टेफ्लॉन टेप जाड गुंडाळली की काटा चुकीचा दाब दाखवू लागतो. होजच्या टोकाच्या सेंडरला तर वेगळी अर्थची तार द्यावीच लागते.

पाण्याच्या तापमानाचा स्वतंत्र मीटर दुसऱ्या क्रमांकावर असावा, कारण बऱ्याच गाड्यांतला मूळ काटा तापमान बरेच वरखाली झाले तरी मध्यावरच स्थिर राहील असा बनवलेला असतो. बूस्ट मीटरचा खरा उपयोग इंटरकूलरचा (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचा) होज चिरला की कमी झालेला दाब ओळखण्यासाठी आहे. त्याची नळी इंटरकूलरनंतर, इनटेक मॅनिफोल्डवरून (इंजिनात हवा वाटणाऱ्या नळकांड्यावरून) घ्यावी. वेस्टगेटच्या (टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेच्या) नळीत जोड देण्याचा सोपा मार्ग काही मिस्त्री सुचवतात, पण तो जोड गळू लागला तर वेस्टगेट उशिरा उघडतो आणि टर्बो मर्यादेपेक्षा जास्त दाब देऊ लागतो.

आता जागेविषयी. समोरच्या काचेच्या उजव्या खांबावर बावन्न मिलिमीटरचे दोन-तीन मीटर एकावर एक चढवण्याची पद्धत रूढ झाली आहे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे हा खांब आधीच उजव्या वळणाचा काही भाग झाकतो. आंबेनळीसारख्या घाटात उजवीकडे वळताना समोरून उतरणारी मोटारसायकल, किंवा चौकात उजवीकडून रस्ता ओलांडणारा माणूस, त्या मीटरांमागे सहज लपतो. रात्री त्यांचा उजेड काचेत परावर्तित होतो तो वेगळाच. कॅसेट प्लेअरची रिकामी चौकट किंवा डॅशबोर्डचा मधला भाग यासाठी पुरेसा आहे. नेहमीचा दाब असताना काटा सरळ वर राहील असा मीटर फिरवून बसवला, तर आकडा वाचण्यासाठी नजर अडकत नाही. दिव्याची तार पार्किंग लाइटच्या सर्किटवरून, मुख्य तार इग्निशननंतरच्या सर्किटवरून फ्यूज लावून घ्यावी आणि इंजिनाकडच्या पत्र्यातून जाताना रबरी ग्रोमेट (तार पत्र्याच्या कडेवर घासू नये म्हणून भोकात बसवायचे कडे) घालावा.

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरणाऱ्या बदलांविषयी आहे. मीटरने त्या तपशिलात फरक पडत नाही, म्हणून हे काम कोणी तपासायचे हा प्रश्नच कोणी विचारत नाही. परंतु पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना गाडी तपासणीसाठी न्यावीच लागते. त्या वेळी निरीक्षकांनी उजव्या खांबावर दृष्टी अडवणारे काही बसवले आहे काय आणि केबिनमध्ये ऑइलची नळी आणली आहे काय, एवढे दोन मुद्दे पाहावेत. दोन्ही चालकाच्या आसनावर बसून तपासता येतात. परिवहन विभागाने तशी सूचना आपल्या सर्व कार्यालयांना द्यावी, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, पुणे