लकव्याच्या पेशंटला घरी तर पाठवता साहेब, चालायला कोण शिकवणार?

मा. आरोग्यमंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य

नमस्कार. मी नागपूरचा, नंदनवनात राहतो. मागच्या तान्ह्या पोळ्याला आमच्या दारात लाकडी नंदी घेऊन पोरं आली, आई त्यांना बोजारा देत होती न तिच्या डाव्या हातातून नाणी खाली पडून राहिली होती. एकदा पडली, पोरांनी उचलली, दुसऱ्यांदा पडली, पोरं हसली, आईपण हसली. तिसऱ्यांदा तिचं तोंड वाकडं दिसलं तेव्हा मला कळलं. मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीमुळे महाल भागातून गाडी जाणार नव्हती, रिंगरोडने फिरून दोन तासांत दवाखान्यात पोचलो. गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागते, ते मिळालं. आई वाचली. त्या भागाबद्दल माझी काहीच तक्रार नाही, उलट हात जोडतो.

तक्रार त्याच्या पुढची आहे.

नवव्या दिवशी डिस्चार्ज. कार्डावर शेवटची ओळ, फिजिओथेरपी सुरू ठेवा. सोबत व्यायामाच्या चित्रांची एक झेरॉक्स, तीही अशी काळी की पाय कोणता न हात कोणता समजत नव्हतं. कुठे सुरू ठेवायची, कोणाकडे, किती दिवस, काहीच नाही. काउंटरवर विचारलं तर म्हणे जवळपास बघून घ्या ना कोणी.

घरी आल्यावर मी न बायकोनं तिला दोन्हीकडून धरून उभं केलं तर ती डावीकडे अशी कलली की आम्ही तिघंही दिवाणावर पडलो. मला वाटायचं लकवा म्हणजे पायातली ताकद जाते, ताकद आली की माणूस चालते. तसं नसते साहेब. ताकद थोडी होती, पण मधोमध कुठे आहे हेच तिच्या डोक्याला समजत नव्हतं. खुर्चीवर बसली तरी डावीकडे झुकायची न वरून म्हणायची, सरळच तर बसली मी. डाव्या पायातली चप्पल निघून जायची, तिला पत्ताच नाही, पाच पावलं पुढे गेल्यावर मी मागे बघायचो तर चप्पल तिथंच.

मग सल्ले सुरू झाले. कोणी तेल सांगितलं, कोणी कबुतराचं रक्त, मामाने तर एका गावचा पत्ता दिला जिथे म्हणे एका झटक्यात पाय मोकळा करतात. हसू नका, शिकली सवरलेली माणसं होती सगळी. यात आमचे पाच आठवडे गेले. आणि नंतर कळलं की चालणं न तोल जेवढा परत यायचा त्यातला बराचसा पहिल्या तीन महिन्यांतच येते, नंतरही येते पण धीम्या गतीने. म्हणजे ऐन कमाईच्या दिवसांत आम्ही तेल लावत बसलो होतो.

शेवटी एक फिजिओ ताई मिळाली, घरी यायची. मशीन बिशीन काही नाही. एक खुर्ची, तीन मीटरवर फरशीला चिकटवलेली लाल टेप, न मोबाईलचं स्टॉपवॉच. खुर्चीतून उठायचं, टेपपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. पहिल्या दिवशी आईला 52 सेकंद लागले, त्यातले निम्मे वळण्यातच. या वयात 12 सेकंदांच्या वर लागले तरी पडायची रिस्क धरतात. मग रोज खुर्चीतून दहा वेळा उठबस, हात न टेकवता. ओट्याला धरून उभं राहून सगळा भार डाव्या पायावर टाकायचा, इथे आई घाबरून उजव्यावरच यायची तर ताई तिच्या उजव्या पायाखाली छोटा पाट ठेवायची, की आपोआप भार डावीकडे जातो. पंजा लोंबायचा त्यासाठी स्प्लिंट आणली, चप्पल सुटणं बंद. अडीच महिन्यांत 52 चे 21 झाले. आज ती वॉकर घेऊन संडासला एकटी जाते. ज्याच्या घरी असा पेशंट आहे त्याला विचारा या एका वाक्याची किंमत काय ते.

एका फेरीचे 500 रुपये, सगळे आमच्या पदरचे. महात्मा फुले योजनेचं कार्ड आहे ना आमच्याकडे, पाच लाखांचं कव्हर, पण ते जास्त करून ॲडमिट असेपर्यंतच. घरी येणाऱ्या फिजिओला ते कार्ड दाखवून काय उपयोग?

आता तुमचे अधिकारी म्हणतील की नातेवाइकांनाच शिकवून देऊ, फुकटात होते. ते करून झालं साहेब, आपल्याच देशात. अटेंड नावाचा अभ्यास, 14 हॉस्पिटलं, 1250 पेशंट, 2017 मधे लॅन्सेट या डॉक्टरांच्या नियतकालिकात छापून आला. घरच्यांना व्यायाम शिकवले, शिकवायला माणूस घरीही गेला, पण करून घ्यायचं घरच्यांनीच. सहा महिन्यांनी बघितलं तर ज्यांच्या घरच्यांना शिकवलं न ज्यांच्या नाही, दोन्ही गटात मेलेले किंवा दुसऱ्यावर अवलंबून असलेले 47 टक्केच, काडीचा फरक नाही. मला नवल नाही वाटलं. पाच आठवडे मीपण घरीच आपल्या मनाने खटपट केली होती, मी एका गोडाऊनमधे हिशेब लिहितो, मला काय कळते उजव्या पायाखाली पाट ठेवायचं.

दुसरे कोणी म्हणतील की मोठं मशीन घेऊ, पट्ट्याने टांगून ट्रेडमिलवर चालवायचं, फीत कापायलाही बरं. त्याचाही अभ्यास झाला आहे अमेरिकेत, लीप्स नावाचा, 2011 चा, 408 पेशंट. एकीकडे टांगून ट्रेडमिल, दुसरीकडे घरी येऊन फिजिओने करून घेतलेले ताकदीचे न तोलाचे व्यायाम. वर्षानंतर चालणं दोघांचं सारखंच सुधारलेलं, जवळपास 52 टक्के लोकांचं. उलट लवकर ट्रेडमिलवर चढवलेल्यांपैकी जे जास्त अधू होते ते जास्त वेळा पडले.

त्या अमेरिकेच्या अभ्यासात 36 फेऱ्या होत्या. आमच्या ताईच्या भावाने धरल्या तर 18,000 रुपये होतात. पाच लाखांच्या कव्हरमधून डिस्चार्जनंतरचे 18,000 द्या, एवढंच मागून राहिलो. तारीख डिस्चार्ज कार्डावरच लिहून द्या, की अमुक वारी फिजिओ घरी येईल, आणि बाराव्या न छत्तिसाव्या फेरीला तीन मीटरचं टायमिंग कार्डावर टाकायला लावा, म्हणजे खोट्या फेऱ्यांची बिलं निघणार नाहीत (निघतात साहेब, तुम्हालाही माहीत आहे). मेडिकल न मेयो, ही नागपूरची दोन मोठी सरकारी हॉस्पिटलं, वैद्यकीय शिक्षण खात्यात येतात, तुमच्याकडे नाही, हे मला माहीत आहे. पण पेशंट एकदा घरी आला की तो कोणत्या खात्यात येते?

रस्त्याचं बोलत नाही जास्त. आमच्या गल्लीत सिमेंट रोड झाला न घर खाली गेलं, आता दारातून रस्त्यावर जायला तीन पायऱ्या चढाव्या लागतात. आईला घराबाहेर पडायला अजून त्या तीन पायऱ्या बाकी आहेत. ताई म्हणते आणखी महिनाभर.

डिसेंबरात अधिवेशनाला नागपूरला याल तेव्हा अर्धा तास काढा. विधानभवनापासून नंदनवन फार दूर नाही. टेप अजून फरशीवर आहे, स्टॉपवॉच तुम्ही धरा.

आपला,
नंदनवनचा एक मुलगा

ता.क. वॉकरच्या पायांचे रबरी बूट झिजले की ओल्या फरशीवर सटकते, आई एकदा पडता पडता वाचली. अपंगांना साहित्य वाटपात वॉकर देता तेव्हा त्यासोबत बुटांचे दोन जास्तीचे सेट देता आले तर बघा.