चाचा, गंधार लागला

आदरणीय चाचांना सादर प्रणाम.

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला वाचून दाखवेल. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही बारीक अक्षर तुम्हाला नीट दिसत नाही, म्हणून त्याला सावकाश वाचायला सांगितलंय. समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा सांगू का?" म्हणून विषय मोडता. गेल्या तीन वर्षांत हे इतक्यांदा झालंय की शेवटी मी सगळ्यांसमोर लिहायचं ठरवलं. आपल्या मिरजेच्या सतारमेकर गल्लीत काय शिकायला मिळतं, हे इतरांनाही कळायला हवं.

तो जुलै महिना होता. सांगलीहून सिटी बसनं आले होते, मांडीवर संतूरची पेटी, वरून पाऊस. माझ्या संतूरची एक खुंटी सैल झाली होती, तार चढवली की पाच मिनिटांत उतरायची. सतारमेकर गल्लीत तीन दुकानांत विचारलं. तिघांनी तुमच्याकडे बोट दाखवलं. तुम्ही एका तानपुऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, जवारी काढत होता, तार गुंजावी म्हणून ती घासत होता. माझ्याकडे न बघताच म्हणालात, "मी सतारीचा माणूस, ताई. संतूर आपल्याकडं बनत नाही." मी परत निघाले, तेवढ्यात म्हणालात, "पण ठेवा की खाली. बघू तर दे."

खुंटी काढून तुम्ही तिच्याभोवती पातळ कागदाचा एक वेढा दिलात आणि परत ठोकलीत. ती खुंटी आजही जागची हललेली नाही. त्याचे पन्नास रुपये घेतलेत. त्यानंतर तुम्ही माझ्याकडून एक पैसाही घेतलेला नाही.

पण आभार मानायचेत ते खुंटीसाठी नव्हे. तार लागली का, हे बघायला मी पर्समधून फोन काढला, ट्यूनर लावला, हिरवा दिवा आला आणि मी म्हणाले, "लागली." तुम्ही कलम, म्हणजे तारेवर आघात करायची लाकडी काडी, उचललंत, त्याच तारेच्या घोडीवरच्या तारांवर एकदा हलकंच टेकवलंत आणि विचारलंत, "ह्याला लागली म्हणता तुम्ही?"

मी शाळेत गणित शिकवते. आकडा बरोबर आला की उत्तर बरोबर, ही वर्षानुवर्षांची सवय. त्या दिवशी आकडा बरोबर होता आणि सूर लागलेला नव्हता.

तोवर माझं संतूर कसं चाललं होतं, हे तुम्हाला मी कधी पूर्ण सांगितलेलं नाही. कॉलेजात असताना सवाई गंधर्व महोत्सवात संतूरवादक शिवकुमार शर्मांना ऐकलं होतं. ते १० मे २०२२ रोजी गेले, आणि त्या रात्री मला वाटलं की आता नाही तर कधीच नाही. वय तेव्हा बेचाळीस. पुण्यातल्या एका गुरूंकडे महिन्यातून दोन रविवार जायचे, उरलेले दिवस व्हिडिओ कॉलवर शिकायचे. हात बसायला लागले होते. उजवा-डावा सारख्या वजनानं पडत होता, पलटे तीनतालात दुगुनीपर्यंत जात होते. एका स्वरावरून दुसऱ्यावर कलम घासत नेऊन मींडेचा भास करायचा, कलम तारेवर अलगद थरथरवत स्वर लांबवायचा, हेही थोडं जमायला लागलं होतं. गुरूंनी सगळं मनापासून शिकवलं. जुळवणं मात्र व्हिडिओवर शिकवता येत नाही. माइकमधून तारेची लहर ऐकूच येत नाही.

माझ्या वाद्याला २९ घोड्या आहेत, प्रत्येकीवर तीन तारा, एकूण ८७. काश्मिरात सुफियाना मौसिकीत, म्हणजे तिथल्या सूफी संगीतात, जे संतूर वाजतं त्याला २५ घोड्या आणि प्रत्येकीवर चार, म्हणजे शंभर तारा. शिवकुमारजींनी घोड्यांची मांडणी बदलली, तारा कमी केल्या, वाद्य लाकडी तिवईवरून मांडीवर घेतलं. १९५५ साली मुंबईत ते पहिल्यांदा वाजवायला बसले तेव्हा या वाद्यावर रागदारी होणार नाही असं म्हणणारे पुष्कळ होते. आक्षेप सरळ होता. गळा सूर चुकला तर सावरतो, सारंगीचं बोट केसभर सरकतं, सतारीची तार ओढता येते. संतूरची तार आधी लावली तशीच वाजणार. वाजवताना चूक दुरुस्त करायची सोयच नाही. इराणातलं संतूर असो, चीनचं यांगछिन, हंगेरीचं सिंबलॉम किंवा अमेरिकेतलं हॅमर्ड डल्सिमर, कलमानं तारेवर आघात करून वाजवायच्या या सगळ्या कुळाचं दुखणं एकच. वाजवणाऱ्याचा निम्मा रियाज खुंट्यांवर होतो.

आणि माझा तोच निम्मा रियाज फोन करत होता.

त्याची शिक्षा मला मिळाली होती. तुमच्याकडे यायच्या आधीच्या वर्षी गणेशोत्सवात एका मंडळानं मला वीस मिनिटं दिली होती. घरी पंख्याखाली दोन तास बसून ८७ तारा हिरव्या दिव्यावर आणल्या. स्टेजवर डोक्यावर चार हॅलोजन. तारा तापल्या आणि उतरल्या, त्याही सारख्या नाहीत, बारीक वेगळ्या, जाड वेगळ्या. आलाप संपायच्या आत एकेका घोडीवरच्या तीन तारा तीन दिशांना गेल्या होत्या. फोन काढून बघायलाही सवड नव्हती. मी वाजवत राहिले. ते वाजवणं अजून आठवलं की तळहाताला घाम येतो. नंतरचे चार महिने पेटी उघडली नाही.

तुम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. तुम्ही फक्त म्हणालात, "गुरुवारी दुकान लवकर बंद करतो. या."

पहिल्या गुरुवारी आपण एकच घोडी लावली, एक तास. तुम्ही नमद्याचा, म्हणजे जाड लोकरी कापडाचा, एक तुकडा कापून दिलात आणि दोन तारा त्यानं दाबून ठेवायला सांगितल्यात. उरलेली एक तार तानपुऱ्याच्या षड्जाला, म्हणजे 'सा'ला, लावायची, मग दुसरी तिच्याशी, मग तिसरी. "खालून वर ये, बेटा. वरून उतरून थांबलीस तर तार नंतर सरकणार." मी तोवर दोन्हीकडून येत होते आणि तारा का टिकत नाहीत म्हणून रडत होते. किल्लीनं खुंटी गरागरा फिरवून त्या वर्षात मी बारा-तेरा तारा तोडल्या होत्या. तुम्ही माझं मनगट धरलंत आणि म्हणालात, फिरवू नको, नुसता दाब दे.

मग तुम्ही मला लहर ऐकवलीत. दोन तारा एकमेकींच्या जवळ आल्या की त्यांच्यात एक हेलकावा ऐकू येतो, वांव-वांव-वांव. जवळ जाल तशी लहर संथ होते. एका सेकंदाला चार, मग दोन, मग एक. मग इतकी लांब होते की श्वास धरून बसावं लागतं. आणि मग थांबते. शाळेत मी हे मुलांना आकड्यांत सांगू शकते: ४४० आणि ४४२ कंपनांच्या तारा एकत्र वाजल्या तर सेकंदाला दोन हेलकावे. कानानं मात्र मी ते आयुष्यात पहिल्यांदा तुमच्या दुकानात ऐकलं, बाहेर पाऊस पडत असताना.

गंधार लागायला पाच महिने गेले. यमन रागाचा गंधार, म्हणजे 'ग', मी रोज हिरव्या दिव्यावर आणायचे आणि तुम्ही रोज तो उतरवायचात. मी हट्टानं म्हणाले, चाचा, फोन म्हणतोय बरोबर आहे. तुम्ही तानपुऱ्याच्या खर्जाची तार छेडलीत आणि म्हणालात, "ही काय म्हणते ते ऐक. ह्यात गंधार आहे." मला काही ऐकू येईना. पुढच्या गुरुवारीही नाही. डिसेंबरात एका संध्याकाळी जवारीचा दोरा तुम्ही तिळभर सरकवलात आणि एकदम तो वरती उभा राहिला, कुणी न वाजवलेला गंधार. स्वयंभू गंधार हा शब्द मी पुस्तकात वाचला होता. तो खरोखर ऐकू येतो, हे मला माहीत नव्हतं.

घरी जाऊन गणित मांडलं. खर्जाच्या तारेत मूळ सुराच्या पाचपट कंपनांचा जो स्वरांश आपोआप वाजतो, तो खालच्या सप्तकात आणला की षड्जाशी ५:४. फोनचा ट्यूनर सप्तकाचे बारा सारखे भाग करतो, त्यात गंधार जवळजवळ १४ सेंट चढा येतो (त्या बारातल्या एका भागाचा शंभरावा हिस्सा म्हणजे एक सेंट). म्हणजे फोन हार्मोनियमचा गंधार सांगत होता आणि तुम्ही तानपुऱ्याचा. पुढचं सगळं मग आपोआप उलगडलं. गंधाराचा पंचम तो निषाद, निषादाचा पंचम तो तीव्र मध्यम. पंचमाचा पंचम रिषभ. एक स्वर खरा लागला की तो पुढच्याचा हात धरून आणतो.

हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "ते गणित आमच्या आज्ज्याला येत नव्हतं, पण गंधार येत होता." मग किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची गोष्ट सांगितलीत: मिरजेत राहत असताना ते तानपुरे कसे तासन्‌तास जुळवायचे, आणि गल्लीतल्या कारागिरांचं त्यांच्यापुढे काही चालायचं नाही. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी शंभरेक वर्षांपूर्वी सप्तकातल्या बावीस श्रुतींची, म्हणजे सूक्ष्म स्वरांची, मोजदाद मांडली, तीही खाँसाहेबांच्या मदतीनं. म्हणजे माझ्यासारखा आकडेवाला माणूस आणि तुमच्यासारखा कानाचा माणूस, सांगली-मिरजेत आधीही एकत्र बसले होते. त्या संध्याकाळी परत जाताना मी दर्ग्यात खाँसाहेबांच्या मजारीपाशी थोडा वेळ बसले. हे तुम्हाला सांगितलं नव्हतं.

तलवारींना धार लावणारी तुमची शिकलगार घराणी वाद्यांकडे वळली त्याला दीडशेहून अधिक वर्षं झाली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पेपरात फोटो आले. लाकूड, भोपळा, नक्षी यांबद्दल छापून आलं, आणि ते यायलाच हवं होतं. पण तुमच्या कानाबद्दल कुठं काही छापलं नव्हतं, म्हणून मी लिहिते आहे.

आता कोजागरीबद्दल.

गच्चीवरची बैठक ठरली तेव्हा मी यमन आणि बागेश्री हे राग म्हणाले होते. तुम्ही बोटांवर मोजलंत: यमननंतर बागेश्रीला ग, म, नी, तिन्ही सप्तकांत, तीन-तीन तारा, सत्तावीस तारा उतरवायच्या, लोक दूध पिऊन घरी जातील. "यमनातच भूप बसलाय की. त्याला खुंटी फिरवायला नको." भूपाचे पाचही स्वर यमनात असतातच; इतकं साधं मला सुचलं नव्हतं.

आणि तुम्ही पाच वाजताच्या बसनं सांगलीला आलात, कार्यक्रम साडेआठचा असताना. संतूर गच्चीवर उघडं ठेवायला लावलंत, वर फक्त सुती ओढणी. "जागेची हवा लागू दे त्याला. आत लावशील आणि बाहेर बसशील तर थंडीनं तार चढणार." कार्यक्रम सुरू होईपर्यंत तुम्ही वाद्याशेजारी खुर्ची टाकून बसलात. मी सव्वासातला जुळवायला बसले, आठला उठले. फोन घरात चार्जिंगला होता.

यमनचा आलाप वाजवताना मला एकदाही भीती वाटली नाही. मंद्रातल्या गंधारावर थांबले तेव्हा तो तानपुऱ्यात विरघळला आणि मी डोळे मिटून तिथंच राहिले, बहुधा जरा जास्तच वेळ. रूपकातली गत झाली. भूपाच्या आधी मध्य सप्तकातल्या पंचमाच्या दोन तारा दवानं चढलेल्या कळल्या. तबलजी हातोडी घेऊन तबल्याच्या कडेच्या गजऱ्यावर ठोकत होते तेवढ्यात मी त्या दोन्ही उतरवून पुन्हा खालून वर आणल्या. लहर थांबली, मी कलम उचललं.

शेवटी समोर बघितलं तर तुमची खुर्ची रिकामी. शेवटची बस गाठायची म्हणून शेवटचा द्रुत झाला सुरू व्हायच्या आधीच तुम्ही निघालात. नातवाकडे निरोप ठेवला होता: "छान झालं म्हण तिला. तार सप्तकातला निषाद केसभर चढा होता."

लोक गेल्यावर रात्री साडेबाराला मी गच्चीवर पुन्हा पेटी उघडली. नमदा लावला, एकेक तार वेगळी केली. तिसरी तार होती, चाचा. लहर अगदी संथ, तीन-चार सेकंदांना एक.

गुरुवारी येते आहे. डावीकडची शेवटून दुसरी घोडी जराशी कलली आहे, ती बघून द्या.

तुमची,
सांगलीची संतूरवाली