व्यवहार त्याचे, करमागणी तिच्या नावावर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घटस्फोट म्हटला की पोटगी, मुलांचा ताबा, स्त्रीधन, घर यांवर भरपूर लिहिले जाते. कराच्या थकबाकीवर मात्र कोणी बोलत नाही. वेगळे झाल्यावर वर्ष-दोन वर्षांनी महिलेच्या पॅनवर लाखोंची मागणी निघते, आणि तोवर आपल्या नावाने काय काय झाले आहे याचा तिला पत्ताही नसतो. मारहाणीच्या धाकाने घेतलेल्या सह्या, काढून घेतलेले चेकबुक आणि एटीएम कार्ड हा छळच आहे. २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या कलम ३ मध्ये आर्थिक छळाचा स्पष्ट उल्लेख आहे. असे असूनही करविभागाकडे तिने काय मांडायचे, हे तिला कोणी सांगत नाही. म्हणून हे पत्र.

आपल्याकडे पती-पत्नीचे एकत्र विवरणपत्र नसते. अमेरिकेत ते भरता येते, म्हणून निर्दोष जोडीदाराला जबाबदारीतून सुटका मागण्याची सोयही तिथल्या कायद्यात आहे. आपल्या कायद्यात तशी तरतूद नाही. त्यामुळे ‘हे सगळे त्याने केले’ एवढ्या उत्तराने काम भागत नाही. मागणी नेमकी कशावरून निघाली ते आधी शोधावे लागते. (पुढची प्राप्तिकराची कलमे १९६१च्या कायद्याची आहेत. नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू असला, तरी आधीच्या वर्षांची प्रकरणे जुन्याच कायद्याने चालतात.)

पहिले काम ई-फायलिंग पोर्टलचा ताबा घेणे. खात्यात मोबाइल आणि ईमेल बहुधा नवऱ्याचा किंवा त्याच्या सीएचा असतो, आणि सगळ्या नोटिसा तिकडेच जातात. ते बदलण्याआधी प्रोफाइलच्या पानाचा स्क्रीनशॉट जरूर घ्यावा. नोटीस आपल्यापर्यंत पोहोचलीच नाही, याचा तोच सर्वांत सोपा पुरावा असतो आणि एकदा तपशील बदलला की तो हातून जातो. पासवर्ड बदलताना ओटीपी आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येतो. तो नंबरही त्याचाच असेल, तर आधी आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलून घ्यावा. महिला अजून त्याच घरात राहत असेल, तर यातले काहीही करण्याआधी संरक्षण अधिकाऱ्याशी किंवा १८१ या हेल्पलाइनवर बोलावे, कारण बदलाचे संदेश त्याच्या फोनवर जाऊ शकतात. पोर्टल हाती आले की थकीत मागणी, ई-प्रोसीडिंग्ज (नोटिसा आणि आदेशांचा विभाग), २६एएस (पॅनवर कापलेल्या-भरलेल्या कराचा उतारा) आणि एआयएस (पॅनवरच्या व्यवहारांचा वार्षिक तपशील) उतरवून घ्यावे.

सर्वाधिक नुकसान होते ते तिच्या खात्यात भरलेल्या रोख रकमेमुळे. नोटिशीला उत्तर गेले नाही की अधिकारी कलम १४४ खाली एकतर्फी आदेश काढतो आणि ती रक्कम कलम ६९अ खाली तिचे अस्पष्टीकृत (स्रोत न सांगितलेले) उत्पन्न धरतो. त्यावर ६० टक्के कर, अधिभार आणि उपकर मिळून ७८ टक्के होतात. दंड आणि व्याज वेगळे. इथे बचाव कागदावरच होतो. बँकेकडून पूर्ण खातेउतारा, खाते उघडण्याचा अर्ज, पैसे भरल्याच्या पावत्या आणि चेकच्या प्रती मागाव्यात. रोख जमा झाली आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आरटीजीएसने नवऱ्याच्या फर्मकडे गेली, अशी साखळी तारीखवार तक्त्यात मांडली तर अपिलात तिला वजन येते. व्यवहाराच्या नोंदी पाच वर्षे जपण्याचे बंधन बँकांवर आहे. त्यानंतर त्या मिळतीलच असे नाही, म्हणून हा अर्ज लांबवू नये.

एक सावधगिरी महत्त्वाची आहे. ‘मी त्याला खाते वापरायला दिले होते’ असे घाईने लिहून देऊ नये. त्यातून बेनामी व्यवहाराचा प्रश्न उभा राहू शकतो. कार्ड कोणाकडे होते, सही कशी घेतली गेली, संमती होती की नव्हती, जे खरे असेल तेच आणि नेमके लिहावे, पण वकिलाला दाखवून.

अपील फॉर्म ३५ वर, आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत. शुल्क उत्पन्नानुसार २५० ते १००० रुपये. मुदत गेली असेल, तरी कलम २४९(३) खाली विलंब माफी मागता येते. हिंसाचाराच्या तक्रारीची प्रत, घर सोडल्याची तारीख आणि तो स्क्रीनशॉट सोबत जोडावा. अनेक अपिले मात्र वेगळ्याच ठिकाणी अडकतात. त्या वर्षाचे विवरणपत्रच भरलेले नसेल, तर कलम २४९(४) नुसार देय आगाऊ कराएवढी रक्कम भरल्याशिवाय अपील दाखल करून घेतले जात नाही. सवलतीसाठी कारणांसह वेगळा अर्ज करता येतो. तो न केल्याने गुणवत्तेवर सुनावणी न होताच अपील फेटाळले जाते. नवा पुरावा देताना नियम ४६अ चा अर्जही जोडावा. १ ऑक्टोबर २०२४ पासून एकतर्फी आदेश रद्द करून प्रकरण निर्धारण अधिकाऱ्याकडे परत पाठवण्याचा अधिकार अपील आयुक्तांना मिळाला आहे. ती विनंती अपिलातच स्पष्ट शब्दांत करावी.

नवऱ्याने बक्षीस दिलेल्या घराची गोष्ट वेगळी. त्याच्या थकबाकीसाठी असे घर कलम २२२ च्या स्पष्टीकरणाखाली जप्त होऊ शकते, आणि त्या मालमत्तेचे उत्पन्न त्याच्या उत्पन्नात मिळवले गेले असेल, तर तेवढ्या भागाचा कर कलम ६५ खाली तिच्याकडूनही मागता येतो. घर तिच्या पगारातून किंवा माहेरच्या पैशातून घेतलेले असेल, तर दुसऱ्या परिशिष्टाच्या नियम ११ खाली कर वसुली अधिकाऱ्याकडे हरकत घ्यावी. खरेदीखत, कर्जाचे हप्ते आणि त्या काळचे खातेउतारे सोबत हवेत.

खासगी कंपनीत नावापुरते संचालकपद असेल, तर कलम १७९ लागू होते, म्हणजे कंपनीकडून वसूल न झालेला कर संचालकाकडून मागता येतो. वसुली न होण्यात आपला गंभीर निष्काळजीपणा नव्हता, हे तिलाच सिद्ध करावे लागते. राजीनामा देऊन डीआयआर-११ (राजीनामा कंपनी निबंधकाला कळवण्याचा फॉर्म) स्वतः भरावा. मागच्या काळाची जबाबदारी त्याने संपत नाही, पण पुढची वाढ थांबते.

तिच्या नावाने जीएसटी नोंदणीही घेतलेली असू शकते. जीएसटी पोर्टलवर पॅन टाकून शोध घेतला की त्या पॅनवरच्या सर्व नोंदण्या दिसतात. प्रत्येक महिलेने हे आजच पाहावे. इथे अपिलाची मुदत तीन महिने, वर माफीचा फक्त एक महिना, आणि वादग्रस्त कराच्या १० टक्के आधी भरावे लागतात.

घटस्फोटाच्या करारात ‘सर्व कर पती भरेल’ असे लिहिलेले असले, तरी करविभागाला ते बंधनकारक नसते. भरलेली रक्कम त्याच्याकडून वसूल करायला ते वाक्य उपयोगी पडते, म्हणून त्यात करनिर्धारण वर्षे आणि पॅन यांचा उल्लेख करून घ्यावा. हिंसाचारविरोधी कायद्याच्या कलम २० आणि २२ खाली दंडाधिकाऱ्यांकडे या नुकसानीची भरपाई मागता येते. लग्न टिकून असतानाच्या छळासाठी घटस्फोटानंतरही अर्ज करता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये जुवेरिया पटणी प्रकरणात सांगितले आहे. वकिलाच्या फीची अडचण असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे (हेल्पलाइन १५१००). महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

प्रत्यक्ष कर मंडळाकडे आमची एक मागणी आहे. अपील चालू असताना वसुलीला स्थगिती हवी, तर २०१७च्या परिपत्रकानुसार साधारणपणे मागणीच्या २० टक्के भरावे लागतात. त्याहून कमी रकमेवरही स्थगिती देता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एलजी इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. तरीही हातात उत्पन्न नसलेल्या महिलेकडून २० टक्क्यांचाच आग्रह धरला जातो आणि तिचे बँक खाते गोठते. दंडाधिकाऱ्यांचा संरक्षण आदेश जोडलेला असेल, तेथे काहीही न भरता स्थगिती द्यावी, अशी लेखी सूचना मंडळाने अधिकाऱ्यांना द्यावी. त्यासाठी कायदा बदलण्याची गरज नाही.

आपले,
एक करसल्लागार आणि कौटुंबिक न्यायालयात काम करणारी एक वकील