मुंबईचा कोट: एक नव्हे, तीन बांधकामे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मुंबईच्या 'फोर्ट' भागाविषयी लिहिताना बहुतेक जण बॉम्बे कॅसल, शहराचा कोट आणि सेंट जॉर्ज किल्ला ही तिन्ही एकच वास्तू समजतात. मग 'किल्ला 1769 चा' असे छापून येते आणि पुढच्याच वाक्यात तो पोर्तुगीजांनी बांधल्याचे वाचायला मिळते. तिन्हींचा काळ वेगळा, जागा वेगळी, आणि बांधण्यामागची भीतीही वेगळी.

सर्वांत जुना तो कॅसल. टाउन हॉलच्या मागे, आज नौदलाचे 'आयएनएस आंग्रे' आहे ती जागा. तिथे गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा वाडा होता. इंग्लंडचा राजा चार्ल्स दुसरा आणि पोर्तुगालची राजकन्या ब्रागांझाची कॅथरीन यांच्या विवाहाचा, मुंबई बेट आंदण देणारा तह 1661 चा, पण इंग्रजांना बेटाचा ताबा मिळायला 1665 चा फेब्रुवारी उजाडला. 1668 मध्ये राजाने वर्षाला 10 पौंड भाड्याने हे बेट ईस्ट इंडिया कंपनीला दिले. वाड्याभोवतीची तटबंदी मजबूत झाली ती गव्हर्नर जेराल्ड ऑंजियर यांच्या काळात. म्हणजे कॅसल फक्त कंपनीच्या गढीपुरता होता, वस्ती त्याच्या बाहेरच होती. ज्या आंग्र्यांच्या आरमाराची कंपनीला धास्ती असे, त्यांचेच नाव आज त्या जागेला आहे, ही गंमत फलक वाचणाऱ्या फार थोड्यांच्या ध्यानात येते.

दुसरा कोट, शहराभोवतीचा. 1689 मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूत खान बेटावर उतरला तेव्हा कॅसलबाहेरच्या वस्तीला कसलाच आडोसा नव्हता. तो धडा घेऊन गव्हर्नर चार्ल्स बून यांच्या कारकिर्दीत, म्हणजे 1715 नंतर, वस्तीला भिंत घातली गेली. तिला जमिनीच्या बाजूने तीन दरवाजे होते: दक्षिणेला अपोलो गेट, पश्चिमेला चर्च गेट आणि उत्तरेला बझार गेट. सभोवती खंदक आला तो 1739 नंतर. चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांची झोप उडाली. खंदकासाठी त्यांनी 30,000 रुपये वर्गणी जमवून दिली.

तिसरा सेंट जॉर्ज किल्ला. हा कोटाच्या उत्तर टोकाला 1769 मध्ये जोडलेला विस्तार. डोंगरीच्या टेकडीवर तोफा चढवून खालच्या किल्ल्यावर मारा करता येतो, हे सिद्दीने दाखवून दिले होते. म्हणून ती टेकडीच सपाट केली आणि तिथे हे बांधकाम उभारले. आज सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात जो तटाचा तुकडा दिसतो तो याचा, बूनच्या कोटाचा नव्हे.

कोट पडला तो लढाईत नव्हे, गर्दीमुळे. 17 फेब्रुवारी 1803 च्या आगीत आतला मोठा भाग जळाला, कारण भिंतीच्या आत लाकडी घरे एकमेकांना खेटून होती. पुढे कापसाच्या तेजीत वाहतूक वाढली, अरुंद दरवाजांत गाड्या अडकू लागल्या, खंदकात घाण साचून रोगराईच्या तक्रारी होऊ लागल्या. बार्टल फ्रिअर 1862 मध्ये गव्हर्नर झाले आणि त्यांच्या काळात तट पाडून खंदक बुजवला गेला. चर्च गेट होते त्या जागी 1864 मध्ये फ्लोरा फाउंटन उभे राहिले. दरवाजाला नाव मिळाले सेंट थॉमस चर्चवरून, दरवाजातून जाणाऱ्या रस्त्याला दरवाजावरून आणि स्थानकाला त्या रस्त्यावरून. म्हणून चर्चगेट स्थानकात उतरून दरवाजा शोधणाऱ्याने पूर्वेकडे चालत फाउंटनपर्यंत यावे.

आमची सूचना एवढीच, की या हरवलेल्या तटाची रेघ जमिनीवर आखावी. फुटपाथच्या फरशीत काळ्या दगडाची एक फूट रुंद पट्टी बसवली तरी पुरे. सुरुवात तीन ठिकाणी करता येईल: फ्लोरा फाउंटन, जीपीओचा (मुख्य टपाल कार्यालयाचा) परिसर आणि कैखुश्रू दुभाष मार्ग. या मार्गाचे जुने नाव रॅम्पार्ट रो, म्हणजे तटाची ओळ, हे आपसूकच सांगून जाते. आखणी करताना पाडकामापूर्वीचा सर्वेक्षण नकाशा आजच्या नकाशावर बसवावा लागेल, आणि चूक नेमकी इथेच होते. किनाऱ्याची रेघ जुळवून नकाशा बसवला की तट सरकतो, कारण भरावामुळे किनाराच पूर्वेला गेला आहे. न हललेले बिंदू घ्यावेत: सेंट थॉमस कॅथेड्रल, कॅसलचे कोपरे, गोदीतील जुन्या सुक्या गोद्यांच्या दगडी कडा. असे किमान चार बिंदू हवेत आणि ते एकाच बाजूला नकोत.

उरलेल्या भिंतीबद्दल थोडे. चुन्यात बांधलेल्या दगडी तटाची डागडुजी सिमेंटने करू नये. भिंतीत शिरलेले पाणी चुन्याच्या सांध्यातून बाहेर पडते. सांधा सिमेंटने बंद केला की ते दगडातून वाट काढते, बरोबर खाऱ्या हवेतले मीठ आणते आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. दगडांमधल्या दरजा भरताना सांधा त्याच्या रुंदीच्या दुप्पट खोल खरवडावा, पाण्याने भिजवावा, मुरवलेला चुना एक भाग आणि धुतलेली वाळू अडीच ते तीन भाग घ्यावी. जिथे ओल कायम राहते तिथे वाळूतील काही भाग विटांच्या भुग्याचा असावा. पुढे दोन-तीन आठवडे ओले गोणपाट लावून ठेवावे. काम पावसाळा संपल्यावर घ्यावे. मे महिन्यात भरलेला चुना जूनच्या सरी धुऊन नेतात आणि दोष चुन्यावर येतो.

तटात उगवलेले पिंपळाचे रोप वरून छाटणे म्हणजे त्याला आणखी जोमाने वाढवणे. मूळ आत जाड होत राहते आणि दगड ढकलते. उपटले तर दगडासकट येते. आधी बाहेरचे दगड क्रमांक घालून काढावेत, मूळ पूर्ण काढावे, पोकळी चुन्याने भरावी आणि तेच दगड त्याच क्रमाने परत बसवावेत. वेळ लागतो, पण राज्याच्या पुरातत्त्व विभागाचे कार्यालयच सेंट जॉर्ज किल्ल्याच्या उरलेल्या भागात आहे. नमुन्याचे काम तिथूनच सुरू व्हावे, आणि पहिल्या फलकावर तिन्ही बांधकामांची नावे वेगवेगळी लिहावीत.

आपले,
मुंबईच्या कोटाचे काही अभ्यासक