मोरपंखी इरकल

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की आईची भाजी करपायला लागते आणि बाबा पावसापाण्यावर येतात. म्हणून लिहितेय. आधीच सांगून टाकते, १८ तारखेची आईच्या मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेची, वेळ मी घेतली आहे. तुम्हाला न विचारता घेतली. आई, रागाव, पण सगळं वाचून मग रागाव.

दिवाळीत तुझं कपाट आवरताना साड्यांना टाचलेल्या चिठ्ठ्या दिसल्या. तुझं अक्षर. एकीवर वहिनीचं नाव, एकीवर मामीचं, मोरपंखी इरकलीवर माझं. चिठ्ठ्या त्या लॅबच्या पावत्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर होत्या, म्हणजे एप्रिलमध्ये गाठीच्या रिपोर्टची वाट बघितली त्या नऊ दिवसांतल्या. गाठ साधी निघाली, त्यालाही तेव्हा सहा महिने होऊन गेले होते आणि टाचण्या तशाच होत्या. मी घडी मोडू न देता साडी परत ठेवली आणि खाली येऊन फराळाला बसले. तेव्हाच तुझ्याजवळ बसायला हवं होतं.

ती तपासणी मीच करायला लावली, तुझ्या वाढदिवसाची भेट म्हणून. मावशीचं झाल्यापासून माझ्या मनात धास्ती होती. पण तिथल्या मुलीने फोनवर नुसतं ‘रिपोर्टमध्ये काहीतरी दिसतंय, परत या’ एवढंच सांगितलं, आणि तिथून पुढे घरात कुणी जेवलं नाही. रिपोर्टवर ‘बाय-रॅड्स ४ए’ लिहिलं होतं. त्याचा अर्थ तेव्हा कुणी सांगितला नाही, मीही विचारला नाही. बाबा, अशा शंभर रिपोर्टांमागे २ ते १० जणींनाच कॅन्सर निघतो. निदान नव्वद बायका आईसारख्याच घरी परत येतात. हे एक वाक्य त्या दिवशी कानावर पडलं असतं तर तुम्ही रात्रभर ओट्यापाशी उभे राहिला नसता.

आई, तुला वाटतं आपणच मनाने कच्चे. अजिबात नाही. डेन्मार्कमध्ये अशाच खोट्या धोक्यातून गेलेल्या बायकांना संशोधक तीन वर्षं त्यांच्या मनाबद्दल विचारत राहिले. २०१३ साली ते छापून आलं. कॅन्सर नाही हे कळून सहा महिने झाल्यावरही त्यांच्या मनाची शांतता खरा कॅन्सर निघालेल्या बायकांइतकीच ढळलेली होती. तीन वर्षांनीही ती घडी पूर्ण बसली नव्हती. म्हणजे तुझी झोप उडाली, रोज रात्री दिवा मालवल्यावर तू काखेत चाचपतेस (बाबांनी सांगितलं, त्यांच्यावर चिडू नकोस), ते सगळं खरं दुखणं आहे. डॉक्टरांनी गाठीचं बघितलं, भीतीचं कुणी बघितलंच नाही.

मला टायफॉइड झाला होता तेव्हाचं आठवतं? ताप उतरून आठवडा झाला तरी तू रात्री तीन-तीनदा उठून माझ्या कपाळाला हात लावायचीस. मी जागी असायचे. तुला बरं वाटावं म्हणून डोळे मिटून घ्यायचे.

बाबा, तुम्ही म्हणाल, एवढा जीव टांगणीला लागतो तर तपासायचंच कशाला. तुम्हाला आकडे लागतात म्हणून सांगते. टाटा मेमोरियलने मुंबईत दीड लाख बायकांचा वीस वर्षं मागोवा घेतला. तिथे यंत्रही नव्हतं, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासायच्या. पन्नाशीपुढच्या बायकांत या आजाराने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. म्हणून सोडायचं नाही. ‘सहा महिन्यांनी दाखवा’ असं लिहून दिलं होतं आणि आता फेब्रुवारी उजाडला. त्या भीतीपायीच ते राहिलं, हे मला कळतं गं.

या वेळी तसं होणार नाही. डॉक्टरीणबाईंशी मी बोलले आहे. त्या फिल्म समोर ठेवून त्याच दिवशी समजावून सांगतील. परत बोलावलं तरी फोन मला येईल, तुम्हाला नाही. त्यांच्याकडेच एक समुपदेशक बसतात, अर्धा तास त्यांच्याशी बोलायचं. वेड लागलंय म्हणून नव्हे, झोप यावी म्हणून.

मी १७ला रात्रीच्या एसटीने येते, चार दिवस राहते. ऑफिसची काळजी नको, दादालाही सांगितलं आहे. पोळ्यांना त्या बाई येतील, त्यांना नाही म्हणू नका. जुनी फाइल देव्हाऱ्यावरच्या फळीवरून काढून ठेवा, फिल्मसकट. त्या सकाळी आईने पावडर, डिओ काही लावायचं नाही. पोटभर खाऊन निघायचं, बीपीची गोळी घ्यायची. बाबा, गुगल बंद. आणि मधल्या काळात नवीन काही हाताला लागलं तर १८ची वाट बघायची नाही, त्याच दिवशी मला फोन.

रिक्षा सांगून ठेवली आहे, बसमध्ये धक्के खायचे नाहीत. थंडी आहे, शाल घे.

आणि आई, मोरपंखी इरकल माझ्या नावाची आहे ना? मग मी सांगते, त्या दिवशी तीच नेस. टाचणी मी आल्यावर काढते, तुझ्या बोटाला लागेल.

तुमची,
छकुली