पेल्यातली पालेभाजी : सुमेधास पत्र

पुणे,
14 डिसेंबर

प्रिय सुमेधा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. हिमोग्लोबिन साडेनऊवर आल्याचे वाचून काळजी वाटली आणि डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या तू नेमाने घेते आहेस, हे वाचून जरा धीर आला. गोळ्यांच्या जोडीला रोज सकाळी हिरवी स्मूदी घ्यावी असे तुझ्या मनात आहे, आणि मी ती चार वर्षे करते आहे म्हणून तू मला कृती विचारली आहेस. कृती लिहितेच, पण आधी मी जे भोगले ते सांगते, म्हणजे पुढचे सगळे मी असे का लिहिते आहे ते तुझ्या ध्यानात येईल.

पहिल्या वर्षी मी रोज, न चुकता, पालकच वापरला. पालक बारा महिने मिळतो, कडू लागत नाही आणि मिक्सरमध्ये चटकन एकजीव होतो, म्हणून अर्धी जुडी कच्चा पालक, एक केळे आणि पाणी हा माझा ठरलेला पेला होता. मे महिन्यात एका रात्री कमरेच्या डाव्या बाजूला अशी कळ आली की मला उभेही राहवेना. तपासणीत मूतखडा निघाला. डॉक्टरांनी सगळा दोष पालकावर टाकला नाही, कारण त्या उन्हाळ्यात माझे पाणी पिणेही फार कमी झाले होते, पण पालकात ऑक्झॅलेट भरपूर असते, ते लघवीत कॅल्शियमशी जुळून खडा धरते, हे त्यांनी समजावले आणि विचारले, "रोज तेच पान कशासाठी?" माझ्यापाशी उत्तर नव्हते.

तेव्हापासून मी ठरलेल्या कृतीने बाजाराला जात नाही. मंडईत त्या दिवशी जे पान ताजे असेल, त्यावरून पेला ठरवते. मात्र नाव बदलले म्हणजे पान बदलले असे होत नाही. माठ, राजगिरा, चुका आणि घोळ यांतही ऑक्झॅलेट बरेच असते, त्यामुळे सोमवारी पालक आणि मंगळवारी माठ ही अदलाबदल फक्त दिसायची. खरा पालट मेथीने आणि कोथिंबिरीने होतो, कारण या दोन्हींत ते अगदी थोडे असते. सध्या मेथी इतकी कोवळी येते आहे की तिची मूठभर पाने एका पिकल्या केळ्यात सहज मुरतात आणि मागे उरतो तो कडवटपणा हवाहवासा वाटतो. कोथिंबिरीची मी फक्त मुळे काढते. कोवळ्या देठांत पानांपेक्षाही अधिक वास असतो, ते फेकू नकोस. शेवग्याचा कोवळा पाला मिळाला तर दोन चमचेच घाल, अधिक झाला की उग्र लागतो. आळू मात्र कच्चे कधीही वापरू नकोस, घसा खाजून सुजतो. आणि पावसाळ्यातल्या रानभाज्या, तुमच्या तरोट्यासकट, शिजवूनच खाव्यात.

जुडी घेताना वरची पाने पाहून फसायला होते. विक्रेते दिवसभर पाणी शिंपडत असतात, म्हणून वरून टवटवीत दिसणारी जुडी आत काळी पडून चिकट झालेली असते. मी बांधलेली सुतळी थोडी सरकवून मधली पाने बघते आणि देठाचा कापलेला भाग बघते. तो पांढरट, ओलसर असेल तर भाजी आजची, तपकिरी आणि सुकलेला असेल तर कालची किंवा परवाची. धुताना पातेल्यात भरपूर पाणी घे, पाने बुडव, हलव आणि हाताने वर उचलून काढ. पातेले उपडे करून पाणी ओतलेस तर तळाशी बसलेली माती पुन्हा पानांवरच येते. तीन पाणी तरी बदलावेच लागते. पाने आपण कच्ची पोटात घेणार आहोत, म्हणून या कामात मला घाई चालत नाही.

आता तुझ्या पेल्याविषयी. पानांतले लोह शरीरात सहज शोषले जात नाही, पण क जीवनसत्त्व सोबत असले तर ते अधिक चांगले शोषले जाते. म्हणून तू रोज पेरू, आवळा किंवा संत्रे यांपैकी एक घालच. संत्र्यांच्या गावात राहून तुला ते शोधायला जावे लागणार नाही; पण पेरूमध्ये क जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट असते, हे लक्षात ठेव. पेरूचा बियांचा गाभा काढून टाक, नाहीतर दाताखाली कचकच येते. मी माझ्या पेल्यात दही घालते, कारण दह्यातले कॅल्शियम ऑक्झॅलेटला आतड्यातच धरून ठेवते. पण तेच कॅल्शियम लोहाच्या आड येते, म्हणून तुझ्या पेल्यात दही नको. एकाच ओट्यावर दोघींचे पेले वेगळे व्हायला हवेत, हे मला फार उशिरा समजले. आणि स्मूदीनंतर तासभर चहा घेऊ नकोस. तुला ते जड जाईल, तरीही.

दोन पेल्यांसाठी प्रमाण असे : मूठभर पाने, एक मोठे केळे, अर्धा पेरू, पुदिन्याची पाच-सहा पाने, आल्याचा लहान तुकडा, सैंधवाची चिमूट आणि दीड वाटी पाणी. आधी पाने अर्ध्या वाटी पाण्यात वाटून घे आणि मगच फळे घाल; सगळे एकदम घातलेस तर फळांचा गर होऊन जातो आणि पानांचे दोरे पात्यांना गुंडाळून राहतात. थंड हवी असेल तर बर्फाऐवजी केळ्याच्या चकत्या रात्री फ्रीजरमध्ये ठेव, म्हणजे पेला पाणचट होत नाही. लिंबू पिळायचे असेल तर अगदी शेवटी पिळ, कारण आंबटामुळे हरितद्रव्यातले मॅग्नेशियम निघून जाते आणि हिरवा रंग थोड्या वेळात शेवाळी तपकिरी होतो. गाळू मात्र नकोस. गाळणीत राहतो तो चोथा म्हणजेच तंतू, आणि तो टाकायचा असेल तर स्मूदी कशाला करायची? केली की लगेच पी; सकाळची संध्याकाळपर्यंत ठेवू नकोस.

आमच्या सासूबाईंना केळे आणि दही एकत्र चालत नाही, तो विरुद्धाहार आहे असे त्या मानतात. त्यांच्यासाठी मी ताकात कोथिंबीर, पुदिना, काकडी आणि भाजलेले जिरे वाटते. तुझ्या आईंना गोड नको असते, त्यांना हा प्रकार आवडेल असे मला वाटते. दुधी घालावासा वाटला तर आधी एक फोड चाखून बघ आणि जरासाही कडू लागला तर तो संपूर्ण टाकून दे. कडू दुधीचा रस जिवावर बेतू शकतो.

आणखी एक, आबांविषयी. त्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे, असे तू दिवाळीत म्हणाली होतीस. ती वॉरफरिन असेल तर त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना रोजचा हिरवा पेला देऊ नकोस. पालेभाज्यांत के जीवनसत्त्व असते आणि ते एकाएकी वाढले की त्या गोळीचा परिणाम कमी होतो.

पुढची रक्ततपासणी कधी आहे ते कळव आणि या आठवड्यात तुमच्या बाजारात कोणती पाने आली आहेत तेही लिही, म्हणजे पुढच्या पत्रात त्यांचे प्रमाण कळवीन. आई-आबांना साष्टांग नमस्कार.

तुझी,
वासंती