थिअरीपुढचं ‘पास होणे’ खोडून टाक

साक्री, जि. धुळे

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला डिजिटल माध्यमांचा अभ्यासक्रम सावकाश वाचला. वर्षभरात काय शिकायचं त्या यादीत कॅमेरा, एडिटिंग, रील असं भरभरून लिहिलंस आणि थिअरीपुढे नुसतं ‘पास होणे’. ते मला पटलं नाही.

आपल्या तालुक्यातलं राईनपाडा आठव. १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजार. भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले आणि मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने त्यांना मारून टाकलं. व्हॉट्सॲपवर आधीपासून अफवा फिरत होत्या. त्या काळात देशभर पसरलेला एक व्हिडिओ मुळात कराचीतला, मुलांच्या सुरक्षेसाठी केलेला. मोटारसायकलवरचे दोघे खेळणाऱ्या पोराला उचलतात, लगेच परत आणून सोडतात आणि सावध राहा असा फलक दाखवतात. कुणीतरी शेवट कापला. उरलं फक्त अपहरण. एवढं कापणं तू पहिल्या महिन्यातच शिकशील, बेटा, म्हणून जीव घाबरतो.

माध्यमांचे अभ्यासक स्टुअर्ट हॉल तुला अभ्यासाला आहेत. पाठवणारा एक अर्थ भरतो आणि बघणारा स्वतःच्या परिस्थितीतून वेगळाच काढू शकतो, हे त्यांनी १९७३ मध्ये मांडलं. त्यांच्यासमोर टीव्ही होता, तरी राईनपाड्याची घटना शेजारी ठेवून ते वाच. त्याच जुलैत व्हॉट्सॲपने भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा आणायचं ठरवलं. मजकुराला हात न लावता तो पसरण्याची वाटच अरुंद का केली, याचं उत्तर मला तुझ्याकडून ऐकायचंय.

तेव्हा यादी पुन्हा लिही. कुठलीही क्लिप हाती आली की तिची एक फ्रेम इमेज सर्चमध्ये टाकून मूळ शोधायची सवय लाव. स्वतः शूट केलेलं न कापलेलं फुटेज तारखेसह जपून ठेव. आणि प्रकल्प अहिराणीत कर, ही माझी मनापासून इच्छा आहे. अफवा आपल्या माणसाच्या तोंडून, आपल्या बोलीत येते; खुलासा मात्र सरकारी मराठीत येतो आणि आजीपर्यंत पोचतच नाही. फॉरवर्ड कसा तपासायचा, हे दोन मिनिटांत आजीला समजेल असं दाखव. हे मला सगळ्यात अवघड वाटतं.

सुट्टीत आलीस की आधी तिलाच दाखवू. विषय ठरला की फोन कर.

तुझी,
आई